पिंपाचा घाम

माझा स्वभाव संशयी आहे. गवळी दारात आला की दुधात पाणी किती, हे मी दूध बघायच्या आधी त्याच्या तोंडावरून ओळखते. त्यामुळे घरी केलेली बीअर यापुढे बाटल्यांऐवजी पिंपात भरायची, असं ह्यांनी जाहीर केलं तेव्हा माझे कान टवकारलेच. रिकाम्या बाटल्या मोजता येतात. पिंपाचं काय मोजणार?

ह्यांचा खनिजाचा ट्रक होता. सुर्ल्याची खाण थांबली, ट्रक विकला, आणि डिचोलीच्या घरात दिवसभर बसून करायचं काय म्हणून हे मोबाइलवर बघून बीअर करायला शिकले. पिणं बेताचं होतं, पण तो बेत मी राखत होते. मागच्या पडवीत रिकाम्या बाटल्या उभ्या असत. केर काढता काढता मी त्यांच्यावरून नजर फिरवी. ह्यांनाही ते ठाऊक होतं.

"बाटल्यो धुंवपाचो कंटाळो आयलो गो," ते म्हणाले. "आतां एकदांच भरलें की जालें."

मी काही विचारलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, असं मला वाटलं.

मग खटाटोप सुरू झाला. जुना फ्रीज पडवीत नेला. दाराला भोक पाडून नळ बसवला. आत स्टीलचं उंच पिंप, त्याच्या शेजारी गॅसचा छोटा सिलिंडर, सिलिंडरवर दाब दाखवणारा काटा. प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून, कुठे बुडबुडा येतो का ते चष्मा कपाळावर चढवून बघत बसले. शेजारीण डोकावून "बार घालतात कितें गो?" असं विचारून गेली. मी हसून साजरं केलं, पण आतून धुमसत होते. एवढी उस्तवार माणूस उगाच करत नाही.

पिंपात किती उरलं ते बाहेरून कळत नाही, असा ह्यांचा समज. स्वयंपाकघरात जन्म काढलेल्या बाईला हे सांगता? गार पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवला की पाणी असेल तिथवरच घाम धरतो. हे बाजारात गेले की मी फ्रीजचं दार उघडून उभी राहायची. थोड्या वेळात पिंपाला घाम सुटायचा आणि आतली बीअर कुठवर आहे ते दिसायचं.

ती खाली जातच नव्हती.

संध्याकाळी तर हे पडवीत जात, स्टीलचा पेला भरून आणत आणि पायरीवर बसून घुटके घेत. बीअर उतरली असती तर मी सरळ भांडले असते. उतरत नव्हती म्हणून माझी झोप उडाली. वर पाणी घालून भरतात की काय? की खरी दारू दुसरीच आहे आणि ती कुठे तरी दडवलीय? मी तांदळाच्या डब्यात हात घालून बघितला, माळ्यावरची पोती उपसली. काही सापडलं नाही आणि त्याचाच राग आला.

एकदा तिन्हीसांजेला फोन वाजला म्हणून हे पेला पायरीवर ठेवून आत गेले. मी तो उचलला आणि तोंडाला लावला. साधं पाणी होतं.

ते मागे येऊन उभे राहिले होते.

"हें कितें?" मी विचारलं.

"सोडली."

"सोडली जाल्यार सांगूंक कितें जालें?"

"सांगिल्लें जाल्यार तूं विचारतली, कित्याक." ते पायरीवर बसले. "बाटल्यो रित्यो जायनात हें तुका पयल्याच दिसा कळटलें आशिल्लें. म्हणून पिंप."

"कित्याक सोडली?"

पिंप आणायच्या आधीच ते मला न सांगता म्हापशाला जाऊन आले होते. "लिवरांत गांठ दिसल्या, म्हणटा दोतोर. तपासपाक धाडलां. अजून रिपोर्ट येवंक ना."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. हा माणूस खोटं बोलतोय, चोरून ढोसतोय आणि पकडला गेला म्हणून वर मला बनवतोय, असं मला वाटून घ्यायचं होतं. उभ्या संसारात मी त्यांच्यावर इतक्या जिवाच्या आकांताने संशय घेतला नव्हता, पण तो काही केल्या टिकेना.