लेटणारी भाजी

लग्न होऊन आले तेव्हा कित्येक महिने माझे सासरे माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. ते बकरीशी बोलत. सासऱ्याने सुनेशी समोरासमोर बोलू नये अशी त्या घरची जुनी रीत, आणि मामाजींना (सासऱ्यांना इकडे मामाजीच म्हणतात) तर दिवसभर काही ना काही सांगायचं असे. मग अंगणात बांधलेल्या बकरीकडे बघून ते म्हणत, "चहा थंडा होऊन राहिला, बकरे." मी आतून ऐकून चहा गरम करून आणायची. घरातल्या सगळ्या भानगडी त्या बकरीला ठाऊक होत्या.

आमचं गाव गोंदियाकडे, बोदलकशाजवळ. मामाजी कोहळी, म्हणजे तलाव बांधणाऱ्यांच्या कुळातले. त्यांच्या आजोबांनी बांधलेल्या तलावाचा विषय निघाला नाही असा दिवस जात नसे. कुठल्याही अडचणीवर त्यांचा उपाय एकच: "पाणी पोटभर देल्लं का सप्पा होते," म्हणजे सगळं ठीक होतं. कोणाला ताप येवो नाहीतर कोणी रुसून बसो, आधी पाण्याचा तांब्या पुढे.

मी पुण्याची. एकदा फोनवर आईला गमतीत म्हणाले, इथे सगळं मिळतं, फक्त सॅलडला लेट्यूस मिळत नाही, त्यासाठी तरी परत यावं लागणार. मामाजी ओसरीवर सुपारी कातरत होते. त्यातलं 'परत यावं लागणार' त्यांच्या काळजात रुतलं. दुसऱ्याच दिवशी गोंदियाला जाऊन ते बियाण्याचं पाकीट घेऊन आले. सून पाल्यापायी घर सोडून चालली, तर पाला घरीच पिकवू, असं बकरीला कळवण्यात आलं.

भाजी लावली मात्र त्यांनी धानासारखी, भाताची लावणी करतात तशी. घरामागच्या सांदवाडीत आधी पऱ्हे टाकले, म्हणजे रोपांसाठी बी पेरलं. रोपं बोटभर झाल्यावर चारी बाजूंनी बांध घालून इवलीशी बांधी केली, ती पाण्याने भरली आणि चिखलात उभं राहून साग्रसंगीत रोवणी केली. सकाळी सगळी रोपं आडवी. मामाजींनी एक रोप बोटाने उभं करून पाहिलं. मग बकरीला म्हणाले, "नावच लेटूस. लेटाचीच भाजी आहे ते." गोंदियाच्या बाजारात जन्मभर हिंदी बोललेल्या माणसाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिला उठवायला म्हणून त्यांनी आणखी पाणी सोडलं.

दुसऱ्या खेपेलाही तेच झालं तेव्हा मला राहवलं नाही. मीही बकरीपाशी गेले आणि जरा मोठ्याने तिला समजावलं की या भाजीची मुळं पाण्यात कुजतात, नुसती ओल पुरे. हे मामाजींना फार लागलं. "ज्याच्या आज्यानं तलाव बांधला त्यानं पाणी शिंपडाचं का?" एवढं बोलून त्यांनी बकरीशीही अबोला धरला. पण एका सकाळी स्वतःच फावड्याने बांध फोडला आणि इकडे तिकडे बघत, चोरट्यासारखे, तांब्याने पाणी शिंपडू लागले. गावात बातमी पसरली. येणारे-जाणारे आजाऱ्याची चौकशी करावी तसे विचारत, "कशी आहे मंग? उठली का?"

थंडीत ती उठली. कुरळ्या पानांची, हिरवीगार. मामाजी तिच्यासमोर खाट टाकून बसत, उद्या तोडू म्हणत आणि तोडत नसत. अशाच एका दुपारी त्यांचा डोळा लागला आणि बकरीचं दावं सुटलं.

मी स्वयंपाकघरात होते. दारात मामाजी उभे. हातात एकच पान, तेही अर्धं खाल्लेलं. सवयीने ते अंगणाकडे वळले, पण त्या बयेशी आता बोलायचं कुठल्या तोंडाने? मग जमिनीकडे बघत ते पहिल्यांदाच माझ्याशी बोलले.

"बाई, पुण्याले नको जाऊ. मी अखीन लावतो."

मला हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं. मी कुठेही जाणार नाही, ते नुसतं गमतीचं बोलणं होतं, असं त्यांना सांगितलं आणि ते पान धुऊन तिथेच खाल्लं. ते चकित झाले. "कच्चंच? मंग चूल कायले पेटवाची?"

त्यानंतर त्यांचं माझ्याशी बोलणं कधी थांबलंच नाही. आजोबांचा तलाव मला मातीच्या पहिल्या टोपलीपासून ऐकावा लागला, आणि तोही अनेकदा. मला ते बोलणं फार आवडायचं.

मामाजी गेल्यावर सांदवाडी माझ्याकडे आली. यंदाच्या थंडीत मी लेट्यूस लावलं, तर सकाळी रोपं आडवी.  तांब्याने थोडं थोडं शिंपडत राहिले. चार दिवसांनी रोपांनी माना वर काढल्या, तशी मी अंगणात गेले. बकरी तीच, आता म्हातारी झालेली.

"बकरे," म्हटलं, "उठली भाजी."