आचाऱ्यांचा र

अमेरिकेत, चँडलरच्या आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये एक सीडी घरोघरी फिरायची. तिच्यावर काळ्या मार्करनं लांबलचक नंबर लिहिलेला होता. कुणाचा कॉम्प्युटर बिघडला की सीडी मागवायची, जुनं सगळं पुसून नवीन सिस्टीम चढवायची, विचारल्यावर तो नंबर टाकायचा आणि सीडी पुढच्या घरी पोचती करायची. ऑफिसात लायसन्सशिवाय एक प्रोग्रॅम न वापरणारी ही माणसं. घरी मात्र चोरीची सिस्टीम वापरण्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. उलट ज्याच्याकडे सीडी नाही तोच बावळट.

आमचा कॉम्प्युटर व्हायरसनं पार आडवा झाला तेव्हा नवऱ्यानं अर्थातच तीच सीडी आणायचं ठरवलं. मी नको म्हटलं. अमरावतीला पॉलिटेक्निकात मी कॉम्प्युटर शिकवत होते. इथे डिपेंडंट व्हिसावर आल्यामुळे नोकरीला बंदी, म्हणून दिवसभर कार्पेटवर व्हॅक्यूम फिरवत होते. घरचा कॉम्प्युटर नवऱ्याला लागायचा तो क्रिकेटचा स्कोअर बघण्यापुरता. बाकी सगळा दिवस तो माझ्याच हातात असे. तेव्हा त्यावर काय चालेल ते मी ठरवणार, असं मी स्वच्छ सांगितलं. या देशात येऊन मी ठरवलेली ती पहिली गोष्ट होती, आणि ती मी सोडणार नव्हते.

लायब्ररीत एका जाडजूड पुस्तकाच्या मागच्या पाकिटात लिनक्सची सीडी मिळाली. ही सिस्टीम जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेली. घ्या, वापरा, आत काय आहे ते उघडून बघा, बदला, शेजाऱ्याला द्या, असं त्यांनीच लिहून ठेवलेलं. मी ती एका दुपारी चढवली. प्रिंटर लगेच चालला, आवाज मात्र काही केल्या येईना. दिवसभर ऑफिसात मशीनशीच झगडतो, घरी तरी बटण दाबलं की चालू होणारं काहीतरी असू दे, असं नवरा करवादला. टीव्ही आहे ना, मी म्हटलं.

वरच्या मजल्यावर त्याचा पुण्याचा मित्र राहायचा. फिरत्या सीडीचा मूळ मालक तोच. आवाज नसलेला कॉम्प्युटर बघून त्याला फार आनंद झाला. "वहिनी, फुकटात दुसरं काय मिळणार यार," तो म्हणाला. तुमची सीडी विकत घेतली होतीत का, असं मी विचारलं, तर दोघंही हसले. मला हसू आलं नाही. फुकट हा शब्द मला तेव्हा लागायचाच. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत मी फुकट शिकवत होते, कुणाच्या डोहाळजेवणाचं आमंत्रण फुकट टाइप करून देत होते. ती काय, घरीच असते, हे माझ्यासमोरच बोललं जायचं.

घरीच असते म्हणूनच त्या वर्षी मंडळाच्या गणपतीची पत्रिका माझ्याकडे आली. ती मी माझ्या मशीनवर केली. मराठी कीबोर्डचा तक्ता टेबलावर चिकटवून एकेक अक्षर शोधून टाइप केलं. छापून आल्यावर मी तिच्यावरून दोनदा हात फिरवला, इतकी ती मला आवडली होती.

कार्यक्रम एका शाळेच्या कॅफेटेरियात होता. आरती झाली आणि एका डॉक्टर काकांनी पत्रिका हातात घेऊन माइक धरला. काका फार पूर्वी इकडे आलेले, आता रिटायर्ड, आणि मराठी शुद्धलेखनाच्या बाबतीत भलतेच कडक. पत्रिकेची शेवटची ओळ त्यांनी संथपणे वाचली: आमच्या आचार्यांचे मनःपूर्वक आभार. मग चष्मा वर करून म्हणाले, "मंडळात आचार्य आलेत, हे मला कुणी सांगितलंच नाही. आत वरणाला फोडणी देतायत ते हेच का?"

सगळा हॉल हसला. पहाटेपासून स्वयंपाकात राबणाऱ्या आमच्या माणसांना मग दिवसभर तीच हाक. आचार्य, मसालेभात वाढा. आचार्य, ताक संपलं. ती माणसंही मजेत होती. मीही हसत होते आणि आतून नुसती जळत होते. मला लिहायचं होतं आचाऱ्यांचे. आचाऱ्यांमधला र आडवा पडतो, पुढच्या अक्षराला बिलगून. आचार्यांमधला र डोक्यावर चढून बसतो. मी आडवा टाइप केला होता, छापून आला तो डोक्यावरचा, आणि घाईत माझ्या डोळ्यांनी आडवाच वाचला होता.

परतताना कारमध्ये नवऱ्यानं रेडिओ बंद केला. मग म्हणाला की आपलं हसं झालं, आता पुरे. पुढच्या शनिवारी मित्र सीडी घेऊन येईल आणि सगळं होतं तसं करून देईल. मला विचारलं नव्हतं. सांगितलं होतं.

सोमवारी तो ऑफिसला गेल्यावर मी मशीनसमोर बसले. दऱ्या टाइप केलं, दर्या उमटला. वऱ्हाडाचं तर ओळखू न येण्याइतकं मातेरं झालं. म्हणजे जिथून मी आले त्या मुलखाचं नावसुद्धा या मशीनला लिहिता येत नव्हतं. माझा संताप संताप झाला. पण फरक एवढाच होता की ही सिस्टीम करणाऱ्यांशी भांडता येत होतं. चुका कळवायला त्यांचं एक जाहीर पान होतं. तिथे मी लिहिलं.

जर्मनीतल्या कुणा माणसाचं उत्तर आलं. देवनागरी अक्षरांची जोडणी तोच बघत असे. सभ्यपणे त्यानं कळवलं की र डोक्यावर जाणं नियमाला धरूनच आहे, त्यानं हिंदी जाणकारांकडून तपासून घेतलंय. तरीही मराठी लोकांना खटकत असेल तर दिसण्यापुरती बाब म्हणून सवडीनं बघू.

दिसण्यापुरती म्हणे. मी पुन्हा लिहिलं, आणि या वेळी पॉलिटेक्निकात मागच्या बाकावरच्यांना सुनवायचे तसं लिहिलं. मराठीत डोक्यावरचा र म्हणजे विद्वान आणि आडवा र म्हणजे स्वयंपाकी. तुमच्या नियमानं आम्ही स्वयंपाक्याचे आभार मानायला जातो आणि विद्वानाचे मानून परत येतो. ही सिस्टीम सगळ्यांची आहे असं तुम्हीच सांगता, मग ती मराठी माणसांचीही आहे. हिंदी जाणकारांना विचारून मराठी कशी ठरवता?

दोन दिवस काही आलं नाही. मी व्हॅक्यूम फिरवला, पुन्हा फिरवला. मग गुरुवारी त्यानं असे शब्द आणि छापील पानाचा नमुना मागितला. मी यादीच लावली: पुऱ्या, सुऱ्या, दऱ्या, तऱ्हा, बिऱ्हाड, कुऱ्हाड, वऱ्हाड. सोबत पाककृतींच्या पुस्तकातलं पुऱ्यांचं पान स्कॅन करून पाठवलं. शुक्रवारी दुपारी त्यानं दुरुस्त केलेली फाइल आली, ती कुठे ठेवायची तेही कळवलेलं होतं. ठेवली, मशीन पुन्हा सुरू केलं, आणि आचाऱ्यांचे असं टाइप केलं. र आडवा पडला. मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही.

शनिवारी मित्र सीडी घेऊन आलाच. मी खुर्चीतून उठले नाही.

"वहिनी, पाच मिनिटांचं काम आहे. तुम्ही चहा टाका, तोवर होईल."

"चहा तुम्ही टाका," मी म्हटलं. "साखर डाव्या हाताच्या डब्यात आहे. या मशीनला तुमची सीडी लागणार नाही. तुमची चोरलेली आहे, माझी मला दिलेली आहे. आणि दोन्हींना तुम्ही फुकट म्हणता."

तो नवऱ्याकडे बघायला लागला. नवरा माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत होता. पत्रिका उघडी होती, शेवटच्या ओळीतले आचारी आता आचारीच होते. हे कसं झालं, त्यानं विचारलं. मी त्याला ते जाहीर पान उघडून दाखवलं. तिथे त्या जर्मन माणसानं नोंद केली होती: मराठीतल्या र ची चूक दुरुस्त. खाली, चूक कुणी शोधली त्यापुढे, माझं नाव होतं.

आमचं बँकेचं खातं, भाड्याचा करार, फोन, गाडी, सगळं नवऱ्याच्या नावावर होतं. अमेरिकेत कुठेही माझं नाव असं उघड्यावर एकटं लिहिलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. त्यानं ते वाचलं, पुन्हा वाचलं.

"हे तर तुझं माहेरचं आडनाव आहे," तो म्हणाला. "आपलं का नाही लावलंस?"

"तिथे एवढंच विचारलं होतं," मी म्हटलं, "चूक कुणी शोधली."