सुगरणीची चांदणी

काकूंच्या गळ्यात कात्री लटकत असते, तरी दोरा त्या दातांनीच तोडतात. कोणी भेटलं की आधी त्याच्या बाहीचं कापड दोन बोटांत धरून बघतात, मग चेहरा. "हा शर्ट विटला की मला," असं त्या पोस्टमनलाही म्हणाल्या आहेत. जेवायच्या टेबलावर कापड बेततात. ताटं कडेकडेने मांडावी लागतात. सुई हरवली की मशीनला बोलतात, सापडली की काकांना. काका घरातसुद्धा चपला घालतात, कारण टाचण्या. आणि सकाळी उठल्यावर काकूंचं पहिलं काम म्हणजे फोन उघडून सुगरण नावाच्या बाईने टाकलेल्या फोटोला लाल बदाम द्यायचा आणि फोन पालथा ठेवायचा.

"पहिला बदाम माझाच असतो," त्या सांगतात. "उगाच कोणाला काही वाटायला नको."

"काय वाटायला नको?" काका वर्तमानपत्रामागून विचारतात.

"तुम्ही वाचा."

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. वाङ्मय शिकले आहे, त्यामुळे गोधड्यांच्या फोटोखाली चार शब्द लिहायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्यांदा मी उबेबद्दल आणि आठवणींबद्दल बरंच लिहिलं. काकूंनी ते वाचलं आणि खोडलं. मग स्वतः लिहिलं, "गोधडी. सुती. धुता येते." तेव्हापासून आमचं जमलं.

सकाळी काकू चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असतात. दुपारपासून गोधड्या. त्या दाखवायच्या कुठे, तर ठिगळमंडळात. हा इंटरनेटवरचा गट. गोधड्या शिवणाऱ्या बायका आणि दोन-तीन पुरुष, कोणी कोणाला पाहिलेलं नाही. सगळे टोपणनावाने वावरतात. काकूंचं नाव चिंधी. "आपलं आपणच घेतलेलं बरं," त्या म्हणतात, "लोक ठेवायच्या आत."

आणि सुगरण म्हणजे सुगरण. तिचा आवाज तेवढा माहीत आहे. संथ, जरासा घोगरा. ती आणि काकू रोज संध्याकाळी एकमेकींना आवाजी निरोप पाठवतात. काकांचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्याच्या बाकावर काकूंच्या शेजारी मी होते, पण आधार फोनमधल्या सुगरणीचा होता. "काही खाल्लंत का? नुसता चहा नको हं," असं ती सारखी विचारत होती. काकू तिला मैत्रीण म्हणतात. त्यात खोटं काही नाही.

त्या तिच्यावर जळतात, यातही खोटं काही नाही.

कारण सुगरणीच्या चांदण्या. आठ टोकांची चांदणी म्हणजे आठ तिरके तुकडे आणि आठही निमुळती टोकं मध्ये एका ठिपक्यावर येणार. काकूंच्या चांदणीत तिथे एकतर भोक पडतं नाहीतर टेंगूळ येतं. सुगरणीची चांदणी मधोमध अशी सपाट, जणू छापलेली. काकू दुकानातलं भिंग घेऊन फोनवर तिचे फोटो तपासतात. एकदा मी चष्म्याची काडी बसवून घ्यायला गेले, तर समोर गिऱ्हाईक ताटकळलेलं आणि या भिंगात गुंग.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"नुसते ठिपके," त्या म्हणाल्या. "ती दिसूच देत नाही."

त्यांनी ठरवून टाकलं होतं की सगळी करामत मशीनची आहे. तिच्याकडे परदेशी मशीन असणार, आपोआप टाके मोजणारं. एकदा आडून आडून विचारलंसुद्धा. सुगरणीने फक्त एक हसरा चेहरा पाठवला. "बघ," काकू मला म्हणाल्या, "श्रीमंत माणसं आकडा सांगत नाहीत."

काकूंचं स्वतःचं मशीन काळं, जुनं, पायाचं होतं. पुढे त्याला मोटर बसवली. ते टाके सोडायचं. खालचा दोरा गुंतून त्याचं घरटं व्हायचं. सुया मोडायच्या. हे दर वेळी सुगरणीचा नवा फोटो आल्यानंतरच व्हायचं, हे आधी काकांच्या लक्षात आलं. "शिवता येईना, मशीन वाकडं," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांना पाणीसुद्धा स्वतः घ्यावं लागलं.

मशीनवाला दुरुस्तीला आला. त्याने बॉबिनची पेटी काढली, आतून मूठभर कापूस काढला, तेल सोडलं, एक चिंधी घातली आणि टीप मारली. सरळ आली.

"मशीन ठणठणीत आहे, ताई. तुम्ही कापड ओढता."

"मी? मी तर हातसुद्धा लावत नाही."

"लावता. खाली दाते आहेत ना, कापड तेच पुढे नेतात. तुम्ही मागून खेचलं की सुई वाकते, टाका सुटतो. कशावर राग काढता का?"

"माझा कोणावर राग नाही," काकू म्हणाल्या.

काकांनी वर्तमानपत्र थोडं वर धरलं.

मग ठिगळमंडळाने जोडगोधडी काढली. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायच्या. एकीने मधला चौकोन शिवून पाठवायचा, दुसरीने भोवती पट्टी लावून परत करायचा, फोटो सगळ्यांना दाखवायचा. नियम एकच, दुसरीच्या टाक्याला हात लावायचा नाही. काकूंच्या चिठ्ठीत सुगरण निघाली. त्या हसल्या, पण मशीनवर बसल्या नाहीत.

पार्सल आलं ते मी खालून आणून दिलं. काकूंनी हात धुतले, पुसले, मगच उघडलं. निळी-पांढरी चांदणी. दुसरा रंगच नाही. मध्ये आठही टोकं एका ठिपक्यावर. काकूंनी अंगठा फिरवला. टेंगूळ नाही. त्यांनी ती उलटी केली. मागे अस्तर लावलेलं. टाके झाकलेले.

"मुद्दाम," काकू म्हणाल्या.

"कापड पातळ आहे, म्हणून लावलं असेल," मी म्हणाले.

"तू तिची बाजू घे. तुला काय."

मी कामाला गेले. संध्याकाळी परत आले तर काकू टेबलापाशी तशाच बसलेल्या. काका स्वयंपाकघराच्या दारात उभे. त्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं, आत ये.

अस्तराची एक कड उसवलेली होती. "म्हटलं फक्त डोकावते आणि परत शिवते," काकू म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "बघ."

मी पाहिलं. मला शिवणातलं काही कळत नाही, पण एवढं कळलं. ते मशीनचे टाके नव्हते. हातशिलाई होती. मुंगीच्या पावलांसारखी बारीक आणि सगळी एका मापाची. शिवणीच्या कडा मधोमध एकीवर एक वळवून भिंगरीसारख्या बसवलेल्या. म्हणून टेंगूळ नव्हतं.

"मशीनच नाही तिच्याकडे," काकू म्हणाल्या. "इतके दिवस मी कोणावर जळत होते?"

"मग बरंच झालं की," काका म्हणाले.

"बरं कसं? मशीन असतं तर घेता तरी आलं असतं."

माझ्या लक्षात आलं ते जरा उशिरा. आठांपैकी एक टोक चांदणीपासून सुटं होतं. काकूंनी नुसतं पाहून भागवलं नव्हतं. टाका कसा घातलाय ते कळावं म्हणून त्या टोकाची सगळी शिवण उसवली होती. निळ्या कापडावर सुईची भोकं एका ओळीत उरली होती.

ज्या बाईने बोहारणीला देण्याआधी जुन्या साडीला नमस्कार केलेला मी पाहिला होता, तिने दुसरीची चांदणी उसवली होती.

"हात दाखवून अवलक्षण," काका हळूच म्हणाले. काकूंनी सुटं टोक उचलून उजेडात धरलं.

पुढचे काही दिवस काकू ते टोक जोडत होत्या आणि उसवत होत्या. मशीनवर केलं तर शिवण ताठ यायची, बाकी सात टोकांत उपरी दिसायची. हाताने केलं तर टाके लहान-मोठे. दुकानातून भिंग कायमचं घरी आलं. सुगरणीच्याच भोकांतून सुई घालून पाहिली. भोकं तिची, हात यांचा, जमलं नाही. कापड विरायला लागलं तेव्हा थांबल्या.

संध्याकाळी सुगरणीचा निरोप यायचा. "पोचली का हो माझी चांदणी?"

"पोचली," काकू सांगायच्या.

"कशी वाटली?"

"बरी आहे."

"बरी?" मी म्हटलं. "काकू, निदान छान तरी म्हणा."

"छान म्हटलं की ती विचारेल काय छान. मग सांगू काय? आतून छान आहे म्हणून?"

त्यांना दोनच रस्ते दिसत होते. पार्सल हरवलं म्हणायचं, किंवा खरं सांगायचं. हरवलं म्हटलं तर चांदणी जाणार. खरं सांगितलं तर सुगरण जाणार. "आणि ती गेली तर," काकू म्हणाल्या, "मी सकाळी बदाम कोणाला देऊ?" हे त्या गमतीने म्हणाल्या नव्हत्या.

मग एका दुपारी सुगरणीचा लांबलचक निरोप आला. काकू सुटं टोक हातात घेऊन बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "तूच लाव. मला नको ऐकायला."

मी लावला.

"चिंधीताई," सुगरण म्हणत होती, "तुम्ही गप्प आहात म्हणजे पट्टी जोरात चालली असणार. एक सांगू का? चांदणी मी मुद्दाम निळी-पांढरी ठेवली. मला रंग जमतच नाहीत. दोनाचे तीन रंग झाले की माझं बिनसतं. तुमची ती लाल पट्ट्यांची गोधडी आली ना, ते बघून मी दोन दिवस मंडळ उघडलं नाही. शेजारणीला म्हटलं, डोकं दुखतंय. डोकं कसलं दुखतंय, पोटात दुखत होतं. असे रंग बाईला सुचतात तरी कसे? म्हणून म्हटलं, मध्ये माझी चांदणी असू दे आणि भोवती तुमचे रंग. निदान एका गोधडीत तरी ते माझ्या घरी येतील."

निरोप संपला.

"परत लाव," त्या म्हणाल्या.

मी परत लावला.

"पोटात दुखत होतं म्हणाली ना? नीट ऐकलंस?"

"हो, काकू."

"दोन दिवस?"

"दोन दिवस."

तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच लावला, फोन कानाला धरून, माझ्याकडे पाठ करून. त्यांची पाठ इतकी सरळ मी कधी पाहिली नव्हती. मग त्यांनी बटण दाबलं आणि एका दमात बोलल्या, "अहो, मी तुमचं एक टोक उसवलंय. कसं शिवलंय ते बघायला. आता जोडता येत नाही. रागवायचं तर रागवा."

काकूंनी फोन पालथा ठेवला, सुलटा केला, परत पालथा ठेवला. काका म्हणाले, "चहा टाकू का?" काकू म्हणाल्या, "टाका. पण पुढ्यात आणू नका, चांदणीवर सांडेल."

उत्तर आलं तेव्हा आधी नुसतं हसणं होतं. बराच वेळ. मग सुगरण म्हणाली, "तरीच म्हटलं, 'बरी आहे' कशी? नियम मोडलात हं तुम्ही. मंडळात नाही सांगत. पण आता बघितलंत ना कसं शिवलंय? मग तुम्हीच शिवा. मी करून देणार नाही. आणि मशीनवर नाही."

काकूंचा चेहरा आधी फुलला, मग उतरला.

त्या आठवड्यात मशीनने एकही टाका सोडला नाही. काकूंनी पट्टी शिवली. दुकानातून घरी यायच्या त्या थेट टेबलाकडे. तांबडा, कच्च्या आंब्यासारखा हिरवा, एक गढूळ पिवळा जो मी कधीच निवडला नसता. चारही बाजूंनी ते रंग चांदणीपाशी येऊन असे थबकले की निळा रंग पहिल्यांदाच निळा वाटला. काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवून पाहिलं. "हे बघून तिचं परत दुखेल," ते म्हणाले. काकू लाजल्या.

टोक तेवढं राहिलं.

"आता तर परवानगी आहे," मी म्हटलं.

"परवानगीचा प्रश्न नाही गं." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "समज, माझा टाका तिच्यासारखा आला. कोणाला कळणार? सगळे म्हणणार, वा सुगरण. आणि वाईट आला तर मी नियम मोडला ते सगळ्यांना कळणार. चांगला आला तर तिचं नाव, वाईट आला तर माझं. सांग, कशासाठी शिवू?"

इतकी वर्षं वाङ्मय शिकून मी टाचण्या डबीत भरत बसले.

सुगरण रोज विचारते, "शिवलं का?" काकू म्हणतात, "बघते." मग दोघी दुसरंच काहीतरी बोलत बसतात. कापसाचे भाव, गुडघे, मंडळात नवीन आलेल्या बाईचे वाकडे काठ. ते वाकडे काठ दोघींनाही आवडतात.

पट्टीला इस्त्री झाली आहे. पार्सलच्या कागदावर काकांनी पत्ता लिहून ठेवला आहे. टेबलावर गोधडी पसरलेली आहे. तिच्या मधोमध सात टोकं शिवलेली, आठवं चार टाचण्यांवर, आणि त्याच्याशेजारी कापडात खोचलेली, निळा दोरा ओवलेली सुई.