पाहुण्याचा डबा

दसऱ्याला आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, यंत्रांची पूजा असते. यंत्रं धुऊनपुसून त्यांना झेंडूचे हार घालायचे, नारळ फोडायचा आणि मुहूर्त म्हणून मूठभर कापूस यंत्रात सोडून हंगाम सुरू झाला म्हणायचं. तो पहिला कापूस सोडणाऱ्याला टॉवेल-टोपी मिळते. आमच्या दिग्रसकडे हा मान लहान समजत नाहीत.

त्या वर्षी शेठ मला म्हणाले, "मुहूर्त तुह्या हातानं. तुहा हातगुण चांगला हाय." माझा हातगुण पुढे चांगलाच दिसला, पण ते नंतर.

घरी येऊन सांगितलं, तर बायकोनं दिवेलागणीच्या आत पूर्ण मोहल्ल्यात बातमी पोचवली. "यायले शेठनं पाहुणे म्हून बोलावलं," असं ती प्रत्येक दारात सांगून आली. मी फिटर माणूस. उभा जन्म ग्रीस आणि पान्यात गेला, 'पाहुणे' हा शब्द माझ्या वाट्याला पहिल्यांदाच येत होता. मी तिला अडवलं नाही. कोणी अडवलं असतं?

दसऱ्याला टाळ्या वाजल्या, यंत्र सुरू झालं, मी कापूस सोडला. वरचा हार कोणीतरी सैल बांधला होता. तो घसरून रोलरकडे निघाला. यंत्रावर काही लोंबताना दिसलं की माझा हात मला न विचारताच जातो. हार वाचला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

शेठनं स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं, हे मी नाकारत नाही. पण जखम भरली तरी पाना हातात धरवेना, आणि पाना न धरणाऱ्या फिटरला कोण ठेवतो? घर त्याच हातावर चालत होतं. म्हणून मी भरपाईचं विचारलं, तर शेठ म्हणाले, "अरे, त्या दिवशी तं सुट्टी होती. तू पाहुणा म्हून आलता." कामावर असताना, कामामुळे इजा झाली तर भरपाई मिळते, पाहुण्याला लागलं तर हळद. माझा मानच माझ्या मुळावर आला होता.

मी दावा लावला. सुनावणी यवतमाळच्या कामगार कोर्टात होती. शेठच्या वकिलानं आमच्याच शेजारणीला साक्षीला आणलं. तिच्यामागे निम्मा मोहल्ला यष्टीत बसून आला. बाया तर लग्नाला निघाल्यासारख्या नटल्या होत्या. शेजारीण खरं तेच बोलली. पाहुणे म्हणून गेलते असं यांच्या घरचीनंच सांगितलं, म्हणाली. मग त्याच वकिलानं नमनालाच घडाभर तेल घालून, पूजा म्हणजे काय आणि सण म्हणजे काय हे न्यायाधीश साहेबांना समजावलं आणि शेवटी माझ्या बायकोला उभं केलं.

"तुमचे पती पाहुणे म्हणून जाणार, असं तुम्हीच मोहल्ल्यात सांगितलं ना?"

"हो. सांगतलं."

आमच्या वकिलानं डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. बाईनं स्वतःच्या तोंडानं आमची भाकर पळवली.

तिनं पिशवीत हात घातला आणि आमचा स्टीलचा डबा काढून समोर धरला. तो काही पुरावा म्हणून आणला नव्हता, त्यात आमचं दुपारचं जेवण होतं.

"साहेब, पाहुण्याले घरून डबा देते का कोनी?"

साहेब म्हणाले, "म्हणजे?"

"पूजा झाल्यावर यायले पट्टे चढवाचे होते, रोलर पाहाचे होते. दुसऱ्या दिवशी कापसाच्या गाड्या लागनार होत्या. पाहुन्यायले तिथं जेवन असते, कामावरच्यायले नसते. म्हून सनासुदीचा बी म्या डबा बांधून देल्ला."  तिनं साहेबांकडे नाही, शेजारणीकडे पाहिलं. "बायायले दिसू नाई म्हून कपड्यात गुंडाळून देल्ला. कामावरच गेलते हे. पाहुणे-बिहुणे काई नव्हते. म्या उगाच सांगतलं."

मला तिचा राग यायचा होता, आला नाही. मला मिळालेला मान ती माझ्यापेक्षा जास्त मिरवत होती, आणि आता भर मोहल्ल्यासमोर तो तिनंच खाली ठेवला. मी डाव्या हातानं डोळे पुसले. बोटं गेली तेव्हाही मी रडलो नव्हतो.

साहेबांनी शेठला विचारलं, "त्या दिवशी पाहुण्यांना जेवण होतं?"

"होतं."

"आणि यांना?"

"त्यानं डबा आनला होता," शेठ म्हणाले. शेठ तसे खोटं बोलणारे नाहीत. किंवा तेवढ्यात सुचलं नसेल.

पुढे निकाल आमच्या बाजूनं लागला. पण त्या दुपारी ते कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही यवतमाळच्या स्टँडवर दिग्रसच्या गाडीची वाट पाहत बसलो, आणि शेजारच्या बाकांवर सगळा मोहल्ला. बायकोनं डबा उघडला. मी डाव्या हातानं भाकर मोडायला लागलो, तर निम्मी खाली सांडली. चारचौघांत माझ्या शेजारीही न बसणारी ही बाई, तिनं भाकर मोडली, भाजीत बुडवली आणि घास माझ्या तोंडापुढे धरला.

शेजारणीला राहवलं नाही. "काहून व, पाहुण्याले चारून राह्यली का?"

"नाई व बाई," ती मागं न पाहता म्हणाली, "घरच्या मानसाले."

तेवढ्यात दिग्रसची गाडी लागली आणि मोहल्ला जागा धरायला पळाला. आम्ही डबा संपवून मागच्या गाडीनं गेलो.