अंगणात एक थेंबही नाही

मोटारीचा ऑइल फिल्टर बदलताना मी अंगणात तेलाचा एक थेंबही सांडू दिला नाही. हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे. अडचण एवढीच, की मी हे सांगायला लागलो की आमच्या घरातली माणसं एकेक करून उठून आत जातात.

गोष्ट पन्नास-एक्कावन्न सालची, आमच्या वसईतली. मुंबईच्या एका साहेबाकडून मी चौथ्या हाताची मोटार घेतली होती. (आधीच्या तिघांनी ती का विकली, हे विचारण्याइतका मी क्षुद्र नव्हतो.) धाकट्या बहिणीचं, कुंदाचं, लग्न ठरलं होतं. नवरदेव सोपाऱ्याचा. "माझा नवरा मोटारीतून येणार!" असं कुंदाने अख्ख्या आळीला सांगून ठेवलेलं, आणि मोटार तर बंबासारखा धूर सोडत होती. फिल्टर बदलल्याशिवाय ती सोपाऱ्याहून परत यायची नाही, असा निकाल मी दिला. मेकॅनिक बोलव, असा सल्ला चौघांनी दिला. पण मोटारीबरोबर आलेल्या पुस्तकात चित्रं होती! मग मेकॅनिक कशाला?

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मी बोनेट उघडलं. मांडव घालून झाला होता आणि त्याखालचं अंगण आईने नुकतंच सारवलं होतं.

"दत्तू, हे यंत्र रस्त्यावर नेऊन उघड."

"रस्त्यावर धूळ आहे, आई. इंजिनात जाते." (पुस्तक, पान दुसरं.)

"मग नीट ऐक. सारवून सारवून माझ्या कमरेचा काटा ढिला झालाय. अंगणात एक थेंब जरी पडला, तर उद्या कान पिळायला तुला उभा करायची नाही. वसंताला उभा करीन!"

लग्नात नवरदेवाचा कान पिळायचा मान मुलीच्या भावाचा, आणि त्याबद्दल वरपक्षाकडून त्याला मानाचं वस्त्र मिळतं. मी कुंदाचा एकुलता एक भाऊ, आणि वसंता हा आमचा मामेभाऊ. तो गेले पंधरा दिवस नखं वाढवून तयार बसला होता. त्याच्या हाती हा मान जाणं म्हणजे माझं नाक कापलं जाणं.

मी जय्यत तयारी केली. आमच्यासारख्या बागायतदाराच्या घरी केळीच्या पानांना काय तोटा! मोटारीखाली तीन थर पानं अंथरली, त्यावर गोणपाट, त्यावर रॉकेलचा रिकामा डबा.

कुंदा दारात येऊन म्हणाली, "दादा, मोटारीला जेवायला वाढतोयस का?"

मी मोटारीखाली सरपटत शिरलो. इंजिनाखालचं बूच काढलं आणि डांबरासारखं तेल बरोब्बर डब्यात पडलं. मग मी फिल्टरचा बोल्ट सैल केला. फिल्टरच्या पोटात आणखी तेल असतं, आणि ते डब्यात न पडता हातभर लांब पडतं, हे चित्र पुस्तकात नव्हतं! एका हातात फिल्टर, दुसऱ्यात पाना, तिसरा हात देवाने दिलेला नाही. मी सरळ अंग पुढे केलं. उजव्या बाहीतून आत शिरलेलं तेल लेंग्याच्या डाव्या पायातून बाहेर पडलं. पण पडलं ते केळीच्या पानावर!

नवा फिल्टर बसला. नवं तेल भरलं. इंजिन मांजरासारखं गुरगुरू लागलं. आईने कमरेत वाकून अंगणाचा कोपरान् कोपरा तपासला.

"शाबास हो!" ती म्हणाली. तिच्या तोंडून ऐकलेलं ते शेवटचं शाबास.

इथे मी थांबायला हवं होतं. पण डबाभर काळं तेल समोर होतं, आणि वाया घालवणं आमच्या रक्तात नाही. तेवढ्यात वाडीतून कान्हू आला. आमच्या विहिरीवरचा रहाट हाकणारा हा जुना गडी. रेडा गोल फिरायचा, रहाट फिरायचा आणि मडक्यांची माळ पाणी वर आणायची.

"भाऊ, रहाट लय कुरकुरतोय. तेल पायजे."

"कान्हू, हे घे विलायती तेल!"

"पन भाऊ, खाली पानी हाय ना?"

"अरे, आपण आसाला लावतोय, पाण्याला नाही!" मी इंजिनियरच्या थाटात म्हणालो आणि डबा आसावर उपडा केला. सगळा.

रहाटाची कुरकुर एकदम थांबली. रेडासुद्धा वळून बघायला लागला. मडकी आसाखालूनच विहिरीत उतरतात आणि आसावरून गळेल ते घेऊनच उतरतात, हे मी लहानपणापासून पाहत होतो. पाहत होतो, एवढंच.

दुपारी आळीतल्या बायका वाजतगाजत विहिरीवर गेल्या. हळदीनंतर नवरीला न्हाऊ घालायचं पाणी आमच्यात असं बाजासकट आणतात. आईने पहिली घागर ओढली आणि बाजा अर्ध्यातच बंद पडला.

"दत्तूऽऽ! पाण्याला हे रंग कसले?"

"ऊन पडलंय ना, आई."

"आणि वास?"

मी बाजावाल्यांकडे पाहिलं. आईने बोट बुडवलं, बोट माझ्या नाकासमोर धरलं.

"अंगणात एक थेंब नाही पडला!" मी छाती काढून म्हणालो.

"मेल्या, अंगणात पडलं असतं तर शेणाने सारवलं असतं! विहीर कशाने सारवू?"

शेजारचे इनासकाका कुंपणावरून ओरडले, "काकी, आमची विहीर हाय की! घेऊन जा लागेल तेवढं पानी!" सगळा ताफा बाजासकट तिकडे वळला. मी मात्र तेलकट पाणी उपसायला विहिरीत उतरलो. कान्हूने बजावलं, "भाऊ, ह्ये पानी पाटात सोडू नका, केळी मरतील." म्हणून मी खालून भरायची आणि त्याने एकेक बादली वर ओढून दूर माळावर नेऊन ओतायची. दिवस मावळेपर्यंत हेच. ही विहीर आजोबांनी स्वतः खणलेली. तिच्या तळाशी उभा राहून वर पाहताना मला खरोखर रडू आलं. (वरून बादली डोक्यावर आपटली, हेही एक कारण होतं.)

बाहेर आलो तेव्हा आई एवढंच म्हणाली, "अंगण राखलंस. शब्द दिलाय मी. उद्या उभा राहा."

मग मी शिकेकाई, राख, चिंच आणि काथ्या घेऊन दोन तास अंग घासलं. सकाळी मोटार सोपाऱ्याला गेली आणि नवरदेवाला घेऊन झोकात परत आली. वऱ्हाडी खूश! एकाने विचारलं, "इंजिन कसं काय हो तुमचं?" झालं! मी तिथल्या तिथे बोनेट उघडलं, फिल्टरखाली अंगठा आणि बोट फिरवून दाखवलं, "बघा, गळती आहे का कुठे?"

"मुलीचा भाऊ कुठाय?" भटजी ओरडले. "कान पिळायला या!"

मी धावलो. वसंताला कोपराने बाजूला सारलं आणि नवरदेवाचा गोरापान कान असा मनापासून पिळला, की मांडवात हशा पिकला. तो थांबेचना, तेव्हा मी कानाकडे पाहिलं. पुढे अंगठा, मागे बोट, दोन्ही ठसे काळेकुट्ट आणि रेघ न् रेघ स्पष्ट.

मला द्यायला विहीणबाईंनी पांढराशुभ्र शेला हातात धरला होता. त्यांनी कान पाहिला, माझा हात पाहिला आणि शेला घडी मोडायच्या आत ट्रंकेत परत ठेवला.

"काहीतरी द्यावं लागतं हो," भटजी कुजबुजले.

विहीणबाईंनी ट्रंकेत हात घातला आणि माझ्या तळहातावर एक झिजलेली, अजून ओलसर साबणाची वडी ठेवली. कान पिळून साबण मिळवणारा अख्ख्या वसईत मी एकटाच असेन, आणि तो साबणही नवरदेवाने सकाळी वापरलेला!