सरिताच्या बाप्तिस्म्याचे शब्द शोधायला झरी जामणीला

पाळकसाहेबांनी लग्नाला नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर झरी जामणीच्या जंगलातल्या एका म्हाताऱ्याकडे होतं. म्हणून आम्ही निघालो.

प्रफुल हा यवतमाळात आमच्या शेजारी राहणारा मुलगा. त्याला जिच्याशी लग्न करायचंय ती सरिता पांढरकवड्याला नर्स आहे. दोघंही ख्रिस्ती, पण मंडळ्या वेगळ्या. प्रफुलच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन नावांनी होतो. सरिताच्या गावचे लोक म्हणतात, नाव एकच, येशूचं. प्रफुलच्या पाळकसाहेबांचा प्रश्न असा की त्या म्हाताऱ्याने तिला पाण्यात बुडवताना नेमके कोणते शब्द उच्चारले होते? तीन नावं नसतील तर तो बाप्तिस्माच नाही. परत घ्यावा लागेल.

सरिता परत घ्यायला तयार नव्हती. त्याच दिवशी, त्याच नाल्यात तिच्या आईचाही बाप्तिस्मा झाला होता, आणि आई आता नाही. "माझा खोटा, तर आईचा बी खोटा," ती म्हणाली. "मग ते कोनत्या विश्वासात गेली?"

मी दोन्हीकडचा नाही, आमच्या घरी गणपती बसतो. म्हणूनच पाळकसाहेबांनी मला सोबत जायला सांगितलं. ऐकेन तसं येऊन सांगेन, एवढा त्यांचा विश्वास.

यवतमाळहून पांढरकवड्याची एसटी सकाळीच धरा. पुढच्या जीप भरल्याशिवाय हलत नाहीत आणि परतीची शेवटची जीप दिवस मावळायच्या आत सुटते. स्टँडबाहेर कढी-आलूबोंडा चांगला मिळतो. बसमध्ये मी चर्चच्या इतिहासाचं पुस्तक चाळत होतो आणि धीर येण्याऐवजी जात होता.

भांडण जुनंच आहे. तिसऱ्या शतकात रोममध्ये काहींनी शिकवलं की देव एकच; कधी तो पिता म्हणून दिसतो, कधी पुत्र, कधी आत्मा. एकाचीच तीन रूपं. चर्चने ते पाखंड ठरवलं. पुढे अलेक्झांड्रियाच्या एका धर्मगुरूने दुसरं टोक गाठलं: पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, म्हणून त्याच्या बरोबरीचा नाही. ते निकियाच्या परिषदेत नाकारलं गेलं. शेवटी त्रैक्य म्हणून जे ठरलं ते या दोन्हींच्या मधलं आहे: तत्त्व एक, व्यक्ती तीन. आमच्या कामाची गोष्ट वेगळीच होती. फुटून गेलेल्या गटांतले लोक परत आले की त्यांचा बाप्तिस्मा पुन्हा करायचा का, यावरही तेव्हा वाद झाले. हळूहळू रूढ झालं ते असं की तिन्ही नावं उच्चारली असतील तर पुन्हा नको.

म्हणजे सगळं त्या म्हाताऱ्याच्या आठवणीवर होतं.

पांढरकवड्याला सरिता येऊन मिळाली. जीपमध्ये आम्ही चौघांच्या जागेत सहा जण. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "काय साहेब, पोरगी पाहाले चालले का?" सरिताच म्हणाली, "पोरगी सोबतच हाय, आजोबा. परवानगी पाहाले चाललो." जीपभर हशा पिकला. प्रफुल हसला नाही.

पुढचा रस्ता अरुंद, बाजूला सागवान आणि मधेच कापसाची शेतं. पाणी सोबत ठेवा, मोबाईलच्या रेंजवर विसंबू नका. जीप सोडल्यावर थोडं चालावं लागतं. त्या वाटेवर प्रफुलने मला मागे थांबवलं. तीन नावं घेतली असंच म्हणा, हे म्हाताऱ्याला आधीच सांगून ठेवायचं का, असं त्याच्या मनात होतं. मी नको म्हणालो, पण ठामपणे म्हणालो नाही.

मारोतीबाबा कोलाम आदिवासी. ख्रिस्ती विश्वासात आले तरी नाव बदललं नाही. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते. सरिताला पाहून त्यांनी आधी तिच्या आईची आठवण काढली, मग आम्हाला चहा. प्रश्न ऐकल्यावरही ते शेंगा सोलत राहिले.

"तुमाले कोनतं उत्तर पायजे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही म्हटलं तेच," सरिता म्हणाली.

बाबांनी शेंगा खाली ठेवल्या, हात पुसले. "बापाच्या, पुत्राच्या अन् पवित्र आत्म्याच्या नावानं. अन् थे नाव येशू."

पहिल्या अर्ध्यावर प्रफुलचा चेहरा उजळला, दुसऱ्यावर पडला.

परतीच्या जीपमध्ये तो हळूच म्हणाला, "काका, तीन नावं घेतली एवढंच सांगा ना. खोटं थोडीच होते?"

सरिता खिडकीतून बाहेर पाहत होती. "पुरं सांगा, काका. अर्ध्यावर लग्न नाही करायचं मले."

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांच्या घरी, दोघांसमोर, मी पुरं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले की तीन नावं उच्चारली गेली आहेत, तेव्हा बाप्तिस्मा मान्य करावा लागेल. पण शेवटचं वाक्य चुकीच्या शिकवणीचं आहे, ते लग्नाआधी नीट समजून घ्यावं लागेल. आणि लगेच समजावायला लागले.

"हे बघ, बेटा. पाणी एकच. गोठलं की बर्फ, तापलं की वाफ. तसा देव."

सरिता म्हणाली, "सर, मारोतीबाबा बी हेच सांगते."

मी खाली पाहिलं. एकाचीच तीन रूपं: रोममधून हाकललं गेलेलं हेच ते पाखंड. पाळकसाहेब पुढचं वाक्य बोलायला गेले आणि थांबले. त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग ते एकदम हसले, थोडे लाजून. संडे स्कूलच्या पोरांना आपण वर्षानुवर्षं हेच शिकवत आलो, असं म्हणाले. दोघांनी दर रविवारी यावं, आपणही परत वाचायला बसू. चर्चच्या कमिटीचं काय ते आपण पाहू.

लग्नाची तारीख अजून ठरायची आहे आणि कमिटीत काही जण कडक आहेत, त्यामुळे धाकधूक संपलेली नाही. झरीकडे जायचं तर कसं जावं, हे आता मला कोणी विचारलं की मी जीपचं आणि रस्त्याचं सांगतो. मनात मात्र पाळकसाहेबांच्या घरून निघतानाचा दरवाजा असतो. प्रफुल चपला घालत होता, आणि सरिता उंबऱ्यात थांबून विचारत होती, "मग आईचा बाप्तिस्मा बी झालाच ना, सर?"

पाळकसाहेबांनी या वेळी कुठलंच उदाहरण दिलं नाही. "झाला," ते म्हणाले.