सगळ्यांची वर्तुळं हिरवी

चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात गेल्या वर्षी मीटिंगच्या खोलीत एक स्क्रीन लागला. प्रत्येकाच्या नावाचं एक वर्तुळ. जो बोलेल त्याचं फुगणार, पुरेसं फुगलं की लालाचं हिरवं होणार. म्हणे यामुळे सगळ्यांना बोलायला मिळतं. आमचे एचआर साहेब पुण्याला जाऊन हे शिकून आले होते आणि शोध स्वतःच लावल्यासारखे मिरवत होते.

पहिल्याच मीटिंगचा विषय: शहरातल्या शुक्रवार पेठेतून येणारी कंपनीची बस बंद करायची का. आम्हा डिझाइनवाल्यांना काय, आमच्या गाड्या होत्या. प्रश्न होता शिलाईतल्या अक्कांचा. घरी सासू अंथरुणाला खिळलेली, तिचं आवरून लवकर निघणं शक्य नाही. बस गेली की नोकरीही गेली. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अक्का उभ्या राहिल्या. "बस बंद केली तर मला यायला जमणार न्हाय. बंद करू नका." आणि बसल्या.

साहेब अक्कांकडे बघतच नव्हते, भिंतीवरच्या स्क्रीनकडे बघत होते.

"अक्का, अजून बोला की. तुमचं लालच आहे."

"सांगून झालं की, साहेब."

साहेबांना चैन पडेना. काहीही बोला म्हणाले, पण बोला. मग अक्का बिचाऱ्या शेंगाचटणी कशी कुटतात ते सांगू लागल्या. लसूण किती, तिखट कुठलं, मिक्सरमध्ये का बिघडते. वर्तुळ हिरवं झालं तसं साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मला इतका संताप आला की मी मध्येच बसचा विषय काढला. माझं वर्तुळ मोठं झालंय, आता दुसऱ्यांना संधी द्या, असं सांगून साहेबांनी मला गप्प केलं. उरलेला वेळ सुपरवायझर मंडळींनी आपापली वर्तुळं भरण्यात घालवला. कुणी उन्हावर बोललं, कुणी साहेबांच्या कल्पकतेवर. बसबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

हिरव्यागार स्क्रीनचा फोटो मालकांना गेला, सोबत निरोप: सर्वांशी चर्चा करून बस बंद करत आहोत.

अक्कांनी महिनाभर रिक्षा बदलत येऊन पाहिलं, मग काम सोडलं. पुढच्या मीटिंगला त्यांचं वर्तुळ स्क्रीनवरून काढलेलं होतं. त्या दिवशी सगळी वर्तुळं लवकर हिरवी झाली आणि साहेब म्हणाले, आता आपल्याला जमायला लागलं.